ताम्हण ओळखावा कसा, लावावा कुठे

महाराष्ट्र दिनाच्या आसपास रस्त्याकडेची झाडं जांभळी झाली, की ‘राज्यपुष्प फुललं’ म्हणून फोटो फिरू लागतात. त्यांतलं प्रत्येक झाड ताम्हणच असतं असं नाही. एकाच तुऱ्यात जांभळी, गुलाबी आणि चक्क पांढरी फुलं दिसली, तर ते बहुधा थायलंड-मलेशियाकडचं लॅगरस्ट्रोमिया फ्लोरिबंडा. त्याची फुलं रंगीत उमलतात आणि मग पांढरी पडत जातात. ताम्हणाचं, म्हणजे लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसाचं, फूलही उतरताना विटतं. पण असं पांढरंफटक होत नाही.

ते मोठंही असतं, पाच ते सात सेंटिमीटर रुंद. बहुतेकदा सहा पाकळ्या, चुरगळलेल्या क्रेपसारख्या. तळाशी इतक्या निमुळत्या, की दोन पाकळ्यांमधून पलीकडचं दिसावं. मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. या फुलात मकरंद नसतो, मधमाश्या येतात त्या परागासाठी.

बहर ओसरल्यावर मात्र फळांकडे पाहावं. सुपारीएवढी टणक बोंडं वाळून तडकली, तरी कित्येक महिने फांद्यांच्या टोकांना लटकून राहतात, बुडाशी निदलांची चांदणी तशीच. फ्लोरिबंडाची बोंडं बरीच लहान. सह्याद्रीतला नाणा याच गोतातला, पण त्याची फुलं बारीक नि पांढरी. मेंदी आणि धायटीही याच कुळातल्या, हे सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही.

कोकणात ताम्हण रानात आपणहून उगवतो तो ओढ्याकाठी. लावताना हे ध्यानात ठेवलं, की निम्मं काम झालं. कोरड्या माळावर तो जगतो, पण खुरटतो. हिवाळ्यात तपकिरी झालेली बोंडं तडकण्याआधी काढून कागदावर वाळवावीत. आतलं पंखाचं बी वाऱ्यावर सहज उडून जातं. पेरल्यावर वर मातीचा पातळ थर पुरे. सगळं बी रुजत नाही, म्हणून हात सैल सोडून पेरावं. रोपं पावसाच्या सुरुवातीला जमिनीत लावावीत आणि पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी तोडू नये.

ऊन पूर्ण हवं. इमारतींच्या सावलीत पानं भरपूर येतात, फुलं रुसतात. तुरे नव्या फुटीच्या टोकाला येत असल्यामुळे छाटणी करायचीच तर पानगळीत करावी. मार्चअखेर कोयता चालवला, तर त्या वर्षीचा बहर गेलाच समजा. विजेच्या तारांखाली तर हे झाड लावूच नये, कारण तिथे छाटणीची वेळ आपल्या हातात राहत नाही.