नाच टिपणारा मोबाईल: पैसे नेमके कशाचे घ्यायचे?

अमेरिकेचे नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम यांनी १९९९ मध्ये 'बायपेड' बसवलं. नर्तकांच्या अंगावर चमकणारे मार्कर लावून कॅमेऱ्यांनी हालचाल टिपली आणि त्यावरून केलेल्या आकृत्या खऱ्या नर्तकांसोबत रंगमंचावर नाचल्या. तेव्हा हे स्टुडिओचं काम होतं.

आज गूगलचं मीडियापाइप साध्या व्हिडिओतून शरीराचे ३३ बिंदू ओळखतं, तेही फुकट. अ‍ॅड-ऑन लावून ते ब्लेंडरमध्ये घेतले की बाहुली तसाच नाचते. मग तुकडे मागेपुढे लावा, वेग बदला, दोघांच्या स्टेप जोडा. नवा नाच तिथेच बसवता येतो.

मग गिऱ्हाईक पैसे कशाचे देणार? साफसफाईचे! हात पाठीमागे गेला की सॉफ्टवेअर अंदाज लावतं. गिरकीत डाव्या-उजव्या पायाची अदलाबदल होते. घेरदार घागऱ्यात तर गुडघा त्याला सापडतच नाही. अशा फ्रेम हाताने दुरुस्त कराव्या लागतात, म्हणून दर ठरवताना शूटिंगचे नाही, दुरुस्तीचे तास धरा. अंगाला बसणारे कपडे आणि भरपूर उजेड असेल, तर हे तास कमी होतात.

आणि हो, एकदा टिपलेली हालचाल कितीही बाहुल्यांवर चढवता येते. नर्तिकेला मात्र पैसे एकदाच मिळतात. डेटा कुठे, किती वेळा वापरणार आणि पुन्हा वापरला तर तिला किती देणार, हे शूटिंगच्या आधी लेखी ठरवा.