वेर्ण्याची 'आपली' कंपनी: शेअर घेण्याआधी भागीदारी बघा

पेडणे (प्रतिनिधी): डिचोलीत खाणी बंद पडल्यावर कोणी ट्रक विकला, मोपा विमानतळाच्या आजूबाजूला कोणी जमीन विकली. पूर्वी असा पैसा सरळ बँकेच्या ठेवीत जायचा. आता घरातला मुलगा मोबाईलवर डिमॅट खातं उघडतो आणि म्हणतो, "बाबा, ही कंपनी आपल्या गोव्याचीच, थोडे शेअर घेऊया." पेडण्यात काय आणि पलीकडे बांदा-दोडामार्गात काय, हे बोलणं आता नेहमीचंच झालंय.

अशा बोलण्यात हमखास येणारं नाव म्हणजे डी-लिंक इंडिया. राऊटर, स्विच असं नेटवर्किंगचं सामान विकणाऱ्या या कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय वेर्णा औद्योगिक वसाहतीत आहे. पण पत्ता गोव्याचा म्हणून मालकही गोव्याचा, असं नाही. सुमारे 51 टक्के शेअर तैवानच्या डी-लिंक समूहाकडे आहेत आणि 'डी-लिंक' हे नावही त्याच समूहाचं.

यामागची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. के. आर. नाईक यांनी 1993 मध्ये सुरू केलेल्या कंपनीत पुढे डी-लिंक भागीदार झाली. भागीदारी चांगली चालली, नाव देशभर झालं. नंतर वाटा वेगळ्या झाल्या. 2008-09 च्या सुमारास डी-लिंक ब्रँडचा धंदा नव्या कंपनीत गेला; जुनी कंपनी स्मार्टलिंक या नावाने नाईक यांच्याकडे राहिली. तिने डिजिसोल हा स्वतःचा ब्रँड उभा केला आणि 2011 मध्ये केबलिंगचा डिजिलिंक हा धंदा श्नायडर इलेक्ट्रिकला सुमारे 503 कोटी रुपयांना विकला. म्हणजे बघा, स्वतःचा ब्रँड असला तर तो विकताही येतो. दुसऱ्याचा ब्रँड कितीही वाढवला तरी तो दुसऱ्याचाच.

म्हणून अशा कंपनीत पैसे घालण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात.

पहिली, माल कोणाकडून येतो? वार्षिक अहवालात 'रिलेटेड पार्टी ट्रान्झॅक्शन' असा तक्ता असतो. मूळ समूहाकडून किती खरेदी झाली, ते त्यात कळतं. खरेदीचा दर थोडा जरी वाढला तरी नफा आपल्या कंपनीतून समूहाकडे सरकतो. डी-लिंक इंडियाएवढ्या आकाराच्या कंपनीत असा व्यवहार वार्षिक उलाढालीच्या 10 टक्क्यांवर गेला, तर सेबीच्या नियमाप्रमाणे भागधारकांची मंजुरी लागते आणि मंजुरीच्या बाजूने संबंधित पक्षाला मत देता येत नाही. म्हणजे तिथे छोट्या भागधारकाच्या मताला किंमत आहे. ई-मेलवर आलेली मतदानाची सूचना न वाचता पुसून टाकू नका.

दुसरी, माल विकतो कोण? या धंद्यात कंपनी थेट गिऱ्हाईकाकडे जात नाही. आधी मोठा वितरक, मग दुकानदार किंवा कार्यालयात नेटवर्क बसवून देणारा कंत्राटदार, अशी साखळी असते. वितरकाच्या गोदामात गेलेला मालही हिशेबात विक्री म्हणूनच दिसतो. विक्री वाढली आणि त्याहून जोरात येणं बाकी वाढली, तर माल वाटेतच अडकलाय का, ही शंका घ्यावी.

तिसरी, रोकड. नफा कागदावर दिसतो. पैसा खरंच आला का, ते कॅश फ्लो सांगतो. माल बाहेरून येत असेल तर डॉलर महागल्याचा फटकाही त्यात धरावा.

हे सगळं अहवालात फुकट वाचायला मिळतं. कंपनी वाईट आहे असं सांगायचं नाही, आणि घ्या असंही नाही. उद्या आपल्या तुयेच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत एखादी कंपनी आली, तरी हेच विचारायचं: नाव कोणाचं, माल कोणाचा, आणि भागीदार उठून गेला तर मागे काय उरणार? उत्तर मिळेपर्यंत ठेवीची पावती मोडू नये.