मूत्राशयाची शस्त्रक्रिया आणि स्नायूंची शिल्लक

मूत्राशयाचा कर्करोग त्याच्या भिंतीत खोलवर शिरला की बहुधा संपूर्ण मूत्राशय काढावे लागते. लहान आतड्याचा वीतभर भाग वेगळा करून लघवीस पोटावर वाट करून देतात व तेथे पिशवी लावतात. त्यासाठी हिंगोली जिल्ह्यातील रुग्णांना नांदेड, छत्रपती संभाजीनगर वा मुंबई गाठावी लागते. पुढची शुश्रूषा मात्र गावीच होते.

तपासणीस येणारे नातेवाईक जखमेविषयी विचारतात, पिशवीविषयी विचारतात. मांड्या का वाळल्या, हे कोणी विचारीत नाही. वास्तविक जखम भरण्यास लागणारी प्रथिने शरीर स्वतःच्या स्नायूंतूनही उचलते. ज्याची ही शिल्लक मुळात कमी, त्यास गुंतागुंतीचा धोका अधिक, असे अभ्यासांत आढळले आहे. वय, तंबाखू व शस्त्रक्रियेपूर्वीची केमोथेरपी यांनी ती आधीच खालावलेली असते. वजनकाट्यावर हे कळत नाही. पोट सुटलेल्या माणसाचेही स्नायू क्षीण असू शकतात. तज्ज्ञ सी.टी. स्कॅनवर कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी स्नायूंचे क्षेत्रफळ मोजतात. राखीव निधीची ही गोष्ट आम्हां हिशेबाच्या माणसांना लगेच पटली.

आपल्याकडे मायेपोटी रुग्णास निजवून ठेवतात आणि पेज व मोसंबीचा रस देतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस घटले. येथे तर रुग्ण आजारी! म्हणून डॉक्टरांनी मुभा देताच त्यास उठवावे, आधार देऊन दिवसातून अनेक वेळा चालवावे. शस्त्रक्रियेपूर्वीचे आठवडेही वाया घालवू नयेत.

आहारात दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने असावीत, असे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे पन्नास किलोच्या माणसास ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढीच, तर पन्नास ग्रॅम सोयावडीत सुमारे २५ ग्रॅम मिळतात. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन उदंड पिकते, पण ते बाजारात जाते, ताटात क्वचितच येते. मूत्रपिंड दुबळे असल्यास मात्र हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

शस्त्रक्रियेच्या खर्चास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळू शकतो. घरी परतल्यानंतरच्या दूध-अंड्यांचा भार कुटुंबावरच पडतो. देणगीदारांनी औषधांप्रमाणेच पोषण आहारासाठी रक्कम निर्दिष्ट केल्यास ती त्याच शीर्षाखाली खर्ची घालून पुढील अहवालात स्वतंत्र दाखविण्यात येईल.