पाळणा हलत नाही, दोष कुणाचा?

लग्नाला चार-पाच वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की घरातल्यांचे बोट सुनेकडेच जाते. उपासतापास तिचे, औषधे तिची, तपासण्याही तिच्याच. वास्तविक मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषातील दोष हे एकमेव किंवा एक कारण असते.

शुक्रजंतू वृषणात तयार होतात. त्यासाठी सुमारे अडीच महिने लागतात. या काळात पेशीला एका घरभेद्यापासून जपावे लागते. आपल्या आनुवंशिक द्रव्याचा जवळजवळ निम्मा भाग 'उड्या मारणाऱ्या जनुकां'चा व त्यांच्या अवशेषांचा आहे. अमेरिकेच्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी ही जनुके प्रथम मक्यात ओळखली. त्याबद्दल त्यांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. यातील बहुतेक जनुके आता निष्क्रिय आहेत. पण जी जागी आहेत, ती स्वतःची नक्कल करून भलत्याच ठिकाणी घुसतात आणि तिथले कामाचे जनुक बिघडवतात.

त्यांच्यावर पहारा कोण ठेवतो? २००६ साली शास्त्रज्ञांना उंदरांच्या वृषणात आरएनएचे बारीक तुकडे सापडले. नाव 'पाय-आरएनए', लांबी जेमतेम २४ ते ३१ अक्षरे. एरवी आरएनए प्रथिन बनवण्याचा निरोप पोचवतो. हे तुकडे तसा कोणताही निरोप नेत नाहीत. ते 'पीवी' नावाच्या प्रथिनाला चिकटतात आणि उड्या मारणाऱ्या जनुकाचा निरोप नेमका ओळखतात. मग प्रथिन तो निरोप कापून टाकते.

उंदरांत पीवी प्रथिनांचे जनुक काढून टाकले, तेव्हा शुक्रजंतूंची वाढ अर्ध्यावरच थांबली. नर वांझ निघाले, माद्यांना मात्र पिल्ले झाली! काही वंध्य पुरुषांतही या यंत्रणेच्या जनुकांत दोष आढळले आहेत. हा दोष जन्मजात असतो. त्यात त्या पुरुषाची चूक नसते, आणि त्याच्या पत्नीची तर नसतेच.

या दोषावर आज औषध नाही. तेव्हा 'हमखास गुण' देणाऱ्या जाहिरातींना भुलू नये. मात्र शुक्रजंतू कमी असण्याची इतर अनेक कारणे आहेत व त्यांपैकी काहींवर उपचार होतात. म्हणून वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी मिळूनच डॉक्टरांकडे जावे. पत्नीचे वय पस्तिशीपुढे असेल, तर सहा महिन्यांनीच जावे. पतीची वीर्यतपासणी सुरुवातीलाच करावी. ती सोपी, बिनदुखी असते. नुकताच मोठा ताप येऊन गेला असल्यास डॉक्टरांना सांगावे, कारण त्याचा परिणाम दोन-तीन महिने राहू शकतो.

तपासणीला लाजण्यासारखे काही नाही. लाज वाटायला हवी ती, न तपासता सुनेला दोष देण्याची.