फैजपूरची कोठी आणि पाच रुपयांची पुडी

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल तालुक्यात वसलेल्या फैजपुराचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते डिसेंबर १९३६ मधील काँग्रेस अधिवेशनामुळे. राष्ट्रसभा शहरे सोडून प्रथमच एका खेड्यात भरली, पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, नंदलाल बोस यांनी अधिवेशनासाठी उभारलेले टिळकनगर बांबूसारख्या गावठी साहित्यातून सजविले, हे सारे आपल्याला ठाऊक असते. परंतु त्याच प्रसंगी महात्मा गांधींनी जे खादी-ग्रामोद्योग प्रदर्शन उघडले, त्यामागील विचार थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोहोचला होता, याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. दोनच वर्षांपूर्वी, १९३४ साली, स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने हातसडीचे तांदूळ, जात्यावरचे पीठ, साखरेऐवजी गूळ आणि ताटात रोज काहीतरी हिरवा पाला, या गोष्टींचा कैवार घेतला होता. गिरणीत गुळगुळीत झालेल्या तांदळाच्या कोंड्याबरोबर शरीराला हवी असलेली जीवनसत्त्वेही निघून जातात, हे तेव्हा नव्याने कळू लागलेले शास्त्र होते. पुढे याच फैजपूरच्या परिसरात मधुकर सहकारी साखर कारखाना उभा राहिला, हा काळाचा किंचित खट्याळ विनोद म्हणावा. त्यात कोणाचा दोष नाही, उसाला भाव हवाच असतो.

गांधींच्या काळी प्रश्न होता तो गिरणीचा. आज तो प्रश्न किराणा दुकानाच्या दारात, डोक्याच्या उंचीवर, तोरणासारखा टांगलेला असतो. लाल, पिवळ्या, निळ्या चकचकीत पुड्यांच्या माळा, किंमत पाच रुपये, आणि खाली पाठीवर दप्तर घेऊन उभा असलेला सात-आठ वर्षांचा मुलगा, ज्याच्या मुठीत आजीच्या कनवटीचे नाणे नुकतेच येऊन पडलेले आहे, असे दृश्य फैजपुरातच काय, खानदेशातल्या कोणत्याही गल्लीत सायंकाळी पाच वाजता दिसेल. ‘पाच रुपये दे ना व आजी,’ या विनवणीपुढे भल्याभल्या करारी म्हाताऱ्यांचा बंदोबस्त ढासळतो. आई घरी आली की आजीवर ठपका ठेवते, आजी नातवावर प्रेम असल्याचा पुरावा सादर करते, आणि खटला निकालाविना दप्तरी दाखल होतो.

या दृश्यातली खरी गंमत, किंवा खेद म्हणा, ही की हे सारे केळीच्या मुलखात घडते. यावल-रावेरची केळी सावदा आणि रावेर स्थानकांवरून वॅगनी भरभरून दिल्लीकडे गेलेली आहेत. जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आणि ज्या मुलाच्या बापाने पहाटे घड कापून ट्रकमध्ये चढविले, तो मुलगा दुपारी त्याच केळ्याचे तळलेले, मीठ लावलेले काप पुडीतून खातो! पिकलेल्या केळ्याच्या शंभर ग्रॅम गरात सुमारे नव्वद कॅलरी असतात. तितक्याच वजनाच्या तळलेल्या कापांत त्या पाचशेच्या पुढे जातात, कारण पाणी उडून गेलेले असते आणि त्याच्या जागी तेल येऊन बसलेले असते. केळ्याने पोट भरते. पुडीने भरत नाही, ती संपते, एवढेच.

‘मुलांना संयम नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपण एका अन्यायाचे भागीदार होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी वीस प्रौढ माणसांना महिनाभर आपल्याच इमारतीत ठेवून दोन आठवडे कारखान्यात सिद्ध झालेले पदार्थ आणि दोन आठवडे साधे, घरगुती धर्तीचे अन्न दिले, आणि दोन्ही ताटांत साखर, चरबी, मीठ, तंतू यांचे प्रमाण जवळजवळ सारखे ठेवून ‘हवे तेवढे खा’ अशी मुभा दिली. २०१९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की कारखानी अन्न असताना माणसे दिवसाला सुमारे पाचशे कॅलरी अधिक खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन जवळजवळ एक किलोने वाढले. ही मोठी, समजूतदार, आपण प्रयोगात आहोत हे जाणणारी माणसे होती. तेथे सात वर्षांच्या पोराकडून मनोनिग्रहाची अपेक्षा करणे म्हणजे बकऱ्याला कोवळ्या मेथीच्या वाफ्यात बांधून उपवासाचे महत्त्व सांगणे होय.

म्हणून मला वाटते, कुटुंबाचा आहार ही निश्चयाची कमी आणि तजविजीची अधिक बाब आहे. घरात काय भरलेले आहे, ते कोठे ठेवलेले आहे, भुकेच्या घटकेला हात प्रथम कोठे जातो, यावर बहुतेक निकाल लागतो. जुन्या घराच्या कोठीची तजवीज आपोआप चांगली होती, कारण तेथे दादर ज्वारी, उडीद, तूर, शेंगदाणे आणि मिरची याव्यतिरिक्त मोहात पाडण्यासारखे काही नव्हतेच. त्या कोठीतून निघालेली कळण्याची भाकरी जरा जवळून पाहण्यासारखी आहे. पायलीभर ज्वारीत शेर-सव्वा शेर काळे उडीद सालीसकट मिसळायचे, थोडे मीठ घालायचे आणि एकत्र दळून आणायचे. प्रमाण घरोघर थोडे निराळे. हे पीठ निव्वळ ज्वारीपेक्षा चिकट, किंचित करड्या रंगाचे. परातीत मळताना उडदाचा ओला, मातकट वास येतो. भाकरी तव्यावर पडली, पाण्याचा हात फिरला, उलटली, आणि विस्तवाच्या धगीला टेकविताच टम्म फुगली की पापुद्रा वाफेने सुटतो. त्यावर कच्चे तेल, ठेचा, कांदा, आणि हिवाळ्यात बामणोदच्या हिरव्या वांग्यांचे काड्यांवर भाजलेले भरीत. ज्या बायांनी हे प्रमाण ठरविले त्यांना प्रथिनांचे रसायन कोणी शिकविले नव्हते. तरी ज्वारीत लायसीन नावाचा जो घटक उणा असतो तो उडीद पुरवितात, आणि उडदात जे उणे असते ते ज्वारी भरून काढते.

अर्थात जुन्या घराचे गोडवे गाताना लेखणी आवरलेली बरी. त्या घरात जाते होते, आणि जात्यापाशी पहाटे चारला उठलेली बाई होती. दुष्काळी साली अर्धपोटी मुलेही होती. आजची सून शाळेत शिकवून किंवा केळीच्या बागेत राबून सायंकाळी परतते तेव्हा भाकरी थापण्याचे बळ तिच्यात उरत नाही, आणि पुडी शिरते ती नेमकी या थकव्याच्या फटीतून. तेव्हा पौष्टिक अन्नाचे सारे फर्मान एकट्या बाईच्या नावे काढणे ही लबाडी झाली. ज्या घरात पुरुष भाजी निवडतो, कुकर लावतो, किमान दळण तरी आणतो, त्या घरातच हे फर्मान टिकते, हे मी आजूबाजूला अनेकदा पाहिले आहे.

आता शेवभाजी. खानदेशी माणसापुढे तिच्याविरुद्ध बोलण्याचे धाडस मी करणार नाही. तर्रीचा तांबडा थर, त्यात हळूहळू मऊ पडणारी जाड शेव, शेजारी लिंबू, हे ज्याला वर्ज्य वाटते त्याचा आहार सुधारला असेल, पण आयुष्य उणे झाले असेल. प्रश्न तिच्या वाराचा आहे. पूर्वी पुऱ्या, कुरडया, भजी यांना शिरस्ता होता. सणाला, पाहुणा आला की, लग्नकार्यात. तेल महाग, सरपण महाग, त्यामुळे पंचांगच आहारतज्ज्ञाचे काम करीत असे. आज कढई रोज तापते, बाहेर तर अखंड तापते, म्हणून पंचांग आपणच घालून घ्यावे लागते. शेवभाजीचा वार ठरवा आणि त्या दिवशी मनमुराद खा. मूल ‘नाही’ सोसत नाही, परंतु ‘रविवारी’ हा शब्द पुष्कळ सोसते. उन्हाळ्यात घातलेले पापड आणि लोणचे घरचे असले तरी त्यांच्यातले मीठ घरचे म्हणून कमी होत नाही, आणि प्रौढाला दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम चमचाभर मीठ पुरे, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ठेच्याच्या गावी विशेष ध्यानात ठेवावी.

सरकारने आपल्या परीने हुकूम काढले आहेत. महाराष्ट्राने २०१७ च्या मे महिन्यात शालेय उपाहारगृहांतून साखर, मीठ आणि चरबी यांनी भरलेले पदार्थ हद्दपार केले. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत त्यांची विक्री मना केली. एक्कावन्नाव्या मीटरवर टपरी उभी राहण्यास कायद्याची हरकत नाही. तेथून पुढचा अंमल घराचा.

घराच्या हाती साधने साधीच आहेत. पोकळा, घोसाळे, आंबाडी मुलाने एकदा थुंकली म्हणजे नावडती ठरत नाही. नवी चव पुष्कळदा आठ-दहा वेळा पुढे आल्यावर पत्करली जाते, मात्र बळजबरी नको, आणि बापाच्या ताटात तीच भाजी हवी. बापाने कचोरीचा पुडा घेऊन घरी यायचे आणि मुलाला पालेभाजीचे गुण सांगायचे, हा व्यवहार मुले पहिल्याच दिवशी ओळखतात. शाळेतून आलेल्या मुलाची भूक दहा मिनिटे थांबत नाही. त्या दहा मिनिटांत डबा उघडला की भाजके दाणे-गूळ, फुटाणे किंवा सकाळची भाकरी हाती लागली पाहिजे. आजीला मात्र पाच रुपयांवाचून प्रेम दाखविण्याचा दुसरा मार्ग द्यावा लागतो. नातवाला केळे सोलून देण्याचा मान तिचाच ठेवावा.

तेव्हा येत्या बाजारी केळ्यांची एक फणी अधिक आणा, आणि ती फडताळात वर न ठेवता दाराशेजारच्या खुंटीला, मुलाचा हात पोहोचेल अशी, टांगा.