आईकडून आलं, म्हणजे आईचा दोष नव्हे

मंडळी, आज बोलायचंय ते दृष्टी जाण्याच्या एका दुर्मिळ आनुवंशिक आजाराबद्दल. जर्मन नेत्रवैद्य थिओडोर लेबर यांनी १८७१ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव मिळालं. बहुधा ऐन तारुण्यात, काहीही न दुखता, एका डोळ्याला मधोमध दिसेनासं होतं. काही आठवड्यांत-महिन्यांत दुसऱ्याचंही तेच.

हे का होतं? आपल्या वरणगावकरांना समजायला सोपं आहे. दीपनगरचं वीज केंद्र शेजारीच आहे ना? तशी आपल्या पेशींतही चिमुकली वीजकेंद्रं असतात. त्यांना तंतुकणिका किंवा मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. गंमत अशी, की त्यांची स्वतःची छोटी पोथी असते, फक्त ३७ जनुकांची. तिच्यातलं एखादं नेमकं अक्षर बदललं, की ऊर्जा कमी पडते. आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, जिला ऊर्जा फार लागते, ती कोमेजते. असा पहिला बदल डग्लस वॉलेस यांच्या गटानं १९८८ मध्ये शोधला.

ही पोथी आईच्या बीजांडातून येते. वडिलांची पुढे जात नाही. म्हणजे सख्ख्या मामाला हा आजार असेल, तर भाच्यानं सावध राहावं. मामाच्या मुलांना मात्र तो मामाकडून येत नाही. (तंतुकणिकांचे सगळेच आजार असे नसतात, काहींत आई-वडील दोघांचीही जनुकं असतात.)

आता खरा मुद्दा. ‘आईकडून आलं’ याचं आपल्या घरांत ‘हिच्या माहेरची खोट’ व्हायला वेळ लागत नाही. न्यायदर्शन सांगतं, घड्याला माती हेही कारण आणि कुंभार हेही कारण. पण घडा वाकडा झाला तर जाब कुंभाराला विचारतात, मातीला नाही. का? तर निवड त्याच्या हातात होती. आईनं काय निवडलं? ती पोथी तिलाही तिच्या आईकडूनच आली. पुष्कळदा तिची स्वतःची नजर ठणठणीत असते, तिला पत्ताही नसतो.

शिवाय बदल असला म्हणजे दृष्टी जाणारच, असंही नाही. अनेकांची शेवटपर्यंत शाबूत राहते. पुरुषांना धोका जास्त. बिडी-सिगारेट आणि अति दारूनं तो वाढतो. निवड आहे ती इथे. तेव्हा घरात असं कुणाचं झालं असेल, तर नेत्रतज्ज्ञांना आजोळची माहिती जरूर द्या. रक्ताच्या तपासणीतून हा बदल कळतो. आणि त्या माउलीला एवढं सांगा : बाई, कारण सापडलंय, गुन्हेगार कुणीच नाही.