दोन्ही भोकांत टेस्टर पेटला!

खोलीतला पंखा थांबला, टीव्ही बंद पडला. शेजारच्या खोलीत मात्र दिवे लख्ख! म्हणजे लाईट गेलेली नाही, बिघाड याच खोलीत आहे. वायरमनकाका येतात आणि सॉकेटच्या उजव्या भोकात टेस्टर घालतात. टेस्टर पेटतो. बरोबरच आहे. आपल्याकडे समोरून पाहिलं तर उजवं भोक फेजचं, डावं न्यूट्रलचं आणि वरचं मोठं अर्थिंगचं. फेजवर २३० व्होल्टचा दाब असतो, न्यूट्रलवर टेस्टर पेटायला नको. काका डाव्या भोकात टेस्टर घालतात, तर तिथंही पेटला!

दोन्हीकडे वीज, आणि पंखा तरी ढिम्म? हे कसं?

विजेला नुसती येण्याची वाट पुरत नाही, परतीचीही लागते. पंख्यातून गेलेल्या प्रवाहाला न्यूट्रलची तार मिळाली, तरच पंखा फिरतो. इथं नेमकी तीच तार कुठंतरी सुटलीय. पंख्याचं बटण मात्र चालूच राहिलंय. त्यामुळे फेजचा दाब पंख्याच्या आतल्या तारेतून थेट डाव्या भोकापर्यंत येऊन अडकलाय. काका खोलीतली सगळी बटणं बंद करतात, चार्जर, टीव्ही उपसून ठेवतात. डाव्या भोकातला टेस्टर विझतो. चोर सापडला!

म्हणूनच बंद पडलेल्या सॉकेटमध्ये बोट, पिन, काहीही घालायचं नाही बरं का. एरवी जिथं टेस्टर पेटत नाही, तिथंही आता जबर शॉक लागू शकतो. टेस्टरसुद्धा मोठ्यांनीच हाताळायचा.

पण काकांना शॉक का बसत नाही? टेस्टर पेटतो, तेव्हा वीज खरोखरच त्यांच्या अंगातून जमिनीकडे जात असते! मात्र टेस्टरच्या पोटात काही लाख ओहमचा रोधक बसवलेला असतो. तो प्रवाह इतका अडवतो, की एक मिलिअँपिअरसुद्धा पुढं जात नाही. तेवढ्यावर निऑनचा चिमुकला दिवा पेटतो, काकांना मात्र काही जाणवत नाही.

आता काका मेन स्विच बंद करून बोर्ड उघडतात. बहुतेकदा न्यूट्रलचा स्क्रू सैल झालेला असतो. सैल जोड तापतो, थंड झाला की आकसतो, पुन्हा तापतो, आणि दर वेळी आणखी ढिला होतो. तारेवरचं प्लॅस्टिक काळं पडलेलं दिसतं. काका जळका तुकडा कापतात, तार नव्यानं सोलतात आणि स्क्रू घट्ट आवळतात.